गाळलेली नाचणी

सकाळी साडेअकरा. अण्णा नगरच्या दवाखान्यात सहानाच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे पडद्यावर आला. हाड मोडलं होतं. सात वर्षांची पोर, प्लास्टिकच्या स्टुलावरून उतरताना पडली होती. गेल्या दिवाळीत असाच पायाचा घोटा गेला होता.

"स्टुलावरून?" डॉक्टर विजयालक्ष्मींनी पुन्हा विचारलं.

"स्टुलावरूनच," मधुवंती म्हणाली. सहानाचा धड हात तिनं इतका घट्ट धरला होता की पोरीनं तो सोडवून घेतला.

मधुवंतीच्या एका बाजूला नवरा मकरंद, गाडीची किल्ली बोटात फिरवत. दुसऱ्या बाजूला सासू, कराडहून आलेल्या विद्युलताबाई. आल्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद होतं: पोरीला दूध द्या.

सहानाला दूध चालत नव्हतं. पहिल्या वाढदिवशी आजीनंच बोटभर श्रीखंड चाटवलं आणि बघता बघता ओठ सुजले, श्वास अडकला. तिला आयसीयूत ठेवावं लागलं. तेव्हापासून घरात दूध, दही, लोणी काही येत नव्हतं. मधुवंती चहासुद्धा कोरा पीत होती. विद्युलताबाईंना हे पटलं नव्हतं. थोडं थोडं दिलं तर सोसेल, असं त्यांचं म्हणणं. मकरंद पूर्वी आईला अडवायचा. काल सहाना पडल्यापासून तो अडवत नव्हता.

"कॅल्शियमला काय देतां?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचं घराणं तंजावरचं. मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेलाची.

"नाचणी. रोज दोन्ही वेळा. तीळ ती थुंकते, पालेभाजी चावत नाही, सोयाच्या दुधाचा वास आला तरी पळते. पण नारळाच्या दुधातली नाचणीची खीर वाटी चाटूनपुसून खाते. एक दिवस चुकवलेला नाही मी."

"सरी, बरं. नाचणी चांगली." डॉक्टर पडद्याकडे बघत राहिल्या. "मग हाड असं कां? खीर करतां कशी?"

मधुवंतीच्या आधी विद्युलताबाई बोलल्या. विषय त्यांच्या प्रांतातला होता.

"सत्त्वाची! बाजारचं पीठ नाही घालत आम्ही. नाचणी भिजवायची, वाटायची, पाणी घालून मलमलच्या फडक्यातून गाळायची. पुन्हा पुन्हा. खाली पांढरं बसतं ते वाळवायचं. मीच शिकवलंय हिला. आधी तर हिला फडकं पिळतासुद्धा येत नव्हतं."

"फडक्यावर राहतं तें?"

"चोथा होय? तो टाकायचा. पोटाला जड."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अम्मा, कॅल्शियमचा मोठा वाटा त्या सालींत असतो. तो तुम्ही टाकतां. पोरीला नुसता स्टार्च देतां."

मधुवंतीला आपले हात दिसले. फडकं पिळून पिळून बोटं दुखायची, तरी एक दाणा खाली उतरू दिला नव्हता. चोथा गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत जायचा. कढीपत्ता काय फोफावला होता!

"काहीतरीच," विद्युलताबाई म्हणाल्या. "माझी सगळी पोरं ह्याच सत्त्वावर वाढली. हा बसलाय ना समोर, विचारा. एक हाड मोडलं नाही याचं."

"आणि दूध?"

"दूध तर होतंच की. दारात म्हैस होती. शेरानं प्यायची पोरं."



"मग हाडं त्या म्हशीनं केलीं, अम्मा," डॉक्टर म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी रक्ताची तपासणी सांगितली, एक सिरप लिहून दिलं, नाचणीचं पीठ सालासकट वापरायला सांगितलं. "आणि दूध घरीं द्यायचं नाही. तपासून बघायचंच तर इथं, माझ्यासमोर."

हाताला प्लास्टर घालून सगळे गाडीत बसले. मधुवंतीला कालपासून पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. चूक सापडली होती. चूक दुरुस्त होण्यासारखी होती.

"ऐकलंस ना मक्या?" मागून विद्युलताबाई म्हणाल्या. "तुझी डॉक्टरीणच म्हणाली. हाडं म्हशीनं केली."

"आई, त्यांचं म्हणणं तसं नव्हतं. दूध देऊ नका म्हणाल्या त्या."

"मी बहिरी नाही गं. मक्या, म्हणाली की नाही?"

"म्हणाली," मकरंद म्हणाला. त्यानं आरशात पाहिलं नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानापाशी मधुवंतीनं गाडी थांबवायला सांगितली. ती उतरली. दुसऱ्या दारानं विद्युलताबाई उतरल्या. मधुवंतीनं नाचणीचं पीठ मागितलं, तांबूस, न चाळलेलं. विद्युलताबाईंनी फ्रिजकडे बोट केलं. मुक्कामात त्या एकच तमिळ शब्द शिकल्या होत्या. "पाल," त्या म्हणाल्या. दुकानदारानं दुधाची पिशवी काढून दिली.

घरी एका शेगडीवर खीर शिजली, शेजारच्या शेगडीवर दूध तापलं. दोघी एकमेकींच्या कोपरांना न लागता ढवळत होत्या.

"हे चिखलासारखं का दिसतंय?" सहाना वाटीत बघत म्हणाली. "मला रोजची पांढरी दे."

"आजपासून हीच. खा, राणी."

पलीकडून आजीनं भांड्यात दूध ओतलं, फुंकर घातली आणि ते पोरीच्या धड हाताशी आणून ठेवलं. "तिला नको असेल तर जबरदस्ती नको करूस. हे आहे."

मधुवंतीनं भांड्यावर पालथा हात ठेवला. तळवा भाजला तरी काढला नाही. "मकरंद," ती म्हणाली, "तू सांग आईंना."

मकरंद दारात उभा होता. दुपारचे पावणेदोन झाले होते. सहानानं खिरीचा पहिला चमचा तोंडात घेतला होता आणि अजून गिळला नव्हता.