विरजण

विश्व अनादि आहे, असं सेतुरामपंत म्हणत. त्याला सुरुवात आहे, असं तंजावरात गोऱ्यांच्या शाळेत शिकवणारे त्यांचे व्याही म्हणत. वादाच्या भरात दोघांनी दहीभात ओरपला आणि विरजणाची वाटीही पुसून खाल्ली. उद्या पंतांच्या पत्नी मंगलाबाईंच्या सासऱ्यांचं श्राद्ध, आणि सासऱ्यांना हयातभर दह्यावाचून घास उतरला नव्हता. बाईंनी दोघांनाही आळीत विरजण मागायला पिटाळलं.

दिवेलागणीला दोघे हसत परतले.

"अलमेलूचं विरजण भामाकडचं, भामाचं विशालाक्षीकडचं, तिचं आपल्याकडचं," पंत म्हणाले. "सुरुवातच सापडत नाही. व्याह्यांनीही मान्य केलं."

"आणि दही?"

दोघांनी रिकाम्या वाटीत पाहिलं.

"असू दे," बाई म्हणाल्या. "उद्या मामंजी कावळा होऊन येतील. पान सोडून उडायला लागले, की त्यांनाही हेच समजावून सांगा."