पट्टी

"वैजू, कणकण वाटतेय गं. जरा पट्टी ठेव," अण्णा म्हणाले.

"पट्टी आहे की दंडावर, अण्णा." वैजयंतीनं वाकून पाहिलं. दंडाला चिकटवलेल्या त्या यंत्राचा दिवा हिरवा होता. अंग सदतीस अंशांच्या वर ते जाऊच देत नसे. घरोघरी पट्ट्या आल्यापासून ताप असा कुणाला आलाच नव्हता. जन्मभर कंपाउंडरकी केलेल्या बापाला म्हातारपणी कणकण आठवली, असं म्हणून तिनं ते हसण्यावारी नेलं आणि ऑफिस गाठलं.

तिसऱ्या दिवशी अण्णा गेले.

"जंतू रक्तात भिनले होते," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "ताप चढला असता, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पट्टीनं तो चढू दिला नाही."

घरी येऊन ती अण्णांचं अंथरूण आवरू लागली. उशाशी वाटी होती. पाणी आटून तळाला मीठ राहिलं होतं. शेजारी त्यांचा रुमाल घडी घातलेला, वाळून कडक झालेला.

लहानपणी तिला ताप आला, की अण्णा असाच रुमाल मिठाच्या पाण्यात बुडवून तिच्या कपाळावर ठेवायचे. त्यालाच ते पट्टी म्हणायचे.