मोडकं शिंग

पाहुणी नानला हात लावत नव्हती, हे म्हाताऱ्या कलिपाला खटकलं. आमच्या डोंगरात घाईत दारातूनच परतणारासुद्धा नानचा तुकडा मोडून जातो. मोडत नाही तो वैरी.

"चालून दमले, म्हणून आले," एवढंच ती पोरगी म्हणाली होती. पायात शहरी बूट होते, ते तिने दाराशी काढले. काखेत दोरीने बांधलेली वळकटी मात्र सोडली नाही. नजर सारखी खाली, अंथरलेल्या शिरदाकवर, लोकरीच्या नक्षीदार नमद्यावर.

जुने नमदे हुडकत फिरणारी दलाल, कलिपाने ताडलं. "हा विकायचा नाही हं पोरी. आधी चहा घे, मग काय ते डोळे भरून बघ."

"विकत नकोय, आजी." पोरगी गुडघ्यांवर सरकत डाव्या कोपऱ्यापाशी गेली. तिथल्या नक्षीतल्या मेंढ्याच्या लाल शिंगावरून तिने बोट फिरवलं. वळण पुरं होतं, टोक अखंड. ती परत येऊन बसली, नान मोडला आणि उपाशी असल्यासारखी खाऊ लागली. दलाल असली तरी पोटाची खरी आहे, असं कलिपाला वाटलं.

हे शिंग एके काळी अखंड नव्हतं. लाल आणि तपकिरी, दोन नमदे एकावर एक ठेवून सुरी एकदाच फिरवायची, मग एकाची नक्षी दुसऱ्यात बसवायची, अशी शिरदाकची जोडी निघते. रंग उलटे, रेघ एकच. कलिपाच्या लग्नासाठी दोघी बहिणी कापायला बसल्या. धाकट्या उम्सुनायने हसता हसता नमदा ओढला, कलिपाची सुरी घसरली आणि कोपऱ्यातलं शिंग दोन्ही नमद्यांत मोडलं. सासरच्या बायकांनी वरातीतच त्याला नावं ठेवली. कलिपाने तो राग बहिणीवर काढला, नको ते बोलली. उम्सुनाय जोडीतला दुसरा शिरदाक घेऊन खिंडीपलीकडे नांदायला गेली, ती निरोपही न घेता.

पुढे राग विरला, पण आधी कोणी जायचं, हे काही ठरलं नाही. एका हिवाळ्यात कलिपाने त्या मोडीवर लाल ठिगळ बसवून शिंग पुरं केलं. उम्सुनाय आली तर ते तिच्या डोळ्यांत खुपू नये म्हणून. उम्सुनाय आली नाही. रस्त्यावर गाडी थांबली की कलिपा अजून खिडकीशी जायची.

पोरगी खाता खाता एकदम उठली आणि दाराकडे निघाली. बूट घालायला वाकली तशी वळकटीची दोरी सुटली. एक कोपरा उलगडला. लाल नमद्यात तपकिरी शिंग, आणि त्याचं टोक मोडलेलं.

कलिपाने ओळखलं. ही उम्सुनायची लेक. मोडक्या शिंगाची जोडी शोधत आली, इथे तिला शिंग धड दिसलं, आणि आता घर चुकलं समजून चालली.

"थांब." तिने कात्री ओढली आणि ठिगळाचे टाके कराकरा उसवले. ठिगळाखालून जुनी मोड वर आली. "हे बघ, मोडलेलंच आहे. तुझ्या आईला सांग, हेच घर. मी काही विसरले नाही."

पोरगी एक बूट घालून तशीच उभी राहिली. "मावशी, हे काय केलंत?"

"का गं?"

"घर तर गावात कोणीही दाखवलं असतं. आई खाली गाडीत बसलीय. मी तिलाच बोलवायला निघाले होते. चूक माझी, म्हणून माझं शिंग मी तसंच ठेवलं, असं ती म्हणते. आणि मला बजावलंय, ताईने तिचं सांधलेलं असेल, म्हणजे राग गेला असेल, तरच मला हाक मार."

कलिपाच्या मांडीवर ठिगळ पडलं होतं. तिने ते मुठीत घट्ट धरलं. खाली गाडी होती, गाडीत उम्सुनाय होती, आणि टाके तिने स्वतःच्या हाताने उसवले होते.

"आणि मोडकं असेल तर?" तिने विचारलं.

"तर नानचा तुकडाही तोंडात न घालता परत फिर, असंही बजावलंय."

कलिपाने समोरच्या नानकडे पाहिलं. मग पोरीकडे पाहिलं. तिच्या हनुवटीला अजून लोणी होतं.

"तू तर अर्धा खाल्लास," कलिपा म्हणाली, आणि फडताळातून चहाची आणखी एक पियाली काढायला उठली.