एकशे अडतीस नंबरचा अकीक

उल्हासनं अंगठी घातलेलं बोट पुरीबरोबर पाण्यात बुचकळलं आणि संध्याताईंनी आपली प्लेट खाली ठेवली.

अंगठीत वाटाण्याएवढा लाल अकीक होता. त्यात खोल कोरलेला बाईचा चेहरा. बोट चाटून, पॅंटला पुसून उल्हासनं तो हात त्यांच्यापुढे धरला.

"मावशी, तुम्ही म्युझियममध्ये होतात म्हणे. तुमच्या सूनबाईंकडून, अबोलीकडून कळलं. हा प्रसन्न कधी बोलला नाही. बघा, ओरिजिनल रोमन आहे. दोन हजार वर्षं जुना."

अमेरिकेत, अल्फारेटातल्या उल्हासच्या घराच्या त्या बेसमेंटमध्ये काचेची चार कपाटं होती. त्यात नाणी, दिवे, तुटकी मुंडकी आणि प्रत्येकाखाली छोटा बल्ब. मंडळी हातात प्लेट घेऊन फिरत होती. कुणीतरी एका मुंडक्याशेजारी चटणीची वाटी ठेवली होती. संध्याताईंनी ती उचलून बाजूला ठेवली. जिल्ह्याच्या संग्रहालयात एकतीस वर्षं त्या हात धुतल्याशिवाय कशालाही शिवल्या नव्हत्या.

"याची स्टोरी ऐका," उल्हास सांगू लागला. "आधी कुणी रोमन व्यापारी याचा शिक्का मारायचा. मग हजार-दोन हजार वर्षं ब्लॅंक. मग एकदम मिशिगन! तिथल्या एका इंजिनिअरिंगच्या प्रोफेसरनी टायपिनमध्ये बसवला. ते गेल्यावर बाईसाहेबांनी कुत्र्याच्या पट्ट्याला लावला. हा टवका तेव्हाचा. त्याही गेल्यावर घरातलं सामान विकायला काढलं, त्या इस्टेट सेलमध्ये मी उचलला."

सगळे हसले. त्या एवढ्याशा दगडाला इतक्या बोटांचा, मानांचा आणि केसांचा घाम लागला होता. संध्याताईंना तो हातात घ्यावासा वाटेना.

"आई, निघू या का?" जिन्यातून प्रसन्न म्हणाला. "तुझी बीपीची गोळी राहिलीय."

"घेतली मी," त्या म्हणाल्या.

उल्हासनं अंगठी काढून उलटी केली. "आता खरी गंमत बघा. मागची बाजू मुद्दाम ओपन ठेवलीय. देवनागरी आकडा आहे, एकशे अडतीस. म्हणजे हा कधीतरी आपल्याकडे राहून आलाय. म्हणून तर घेतला, यार. घरचा माल."

संध्याताईंनी चष्मा वर सरकवला आणि अंगठी दोन बोटांत धरली. आठाची शेपटी लांब ओढलेली होती. आकड्याखाली नेलपॉलिशचा पिवळट थर होता. नंबराखाली लावायचं लॅकर संग्रहालयाला परवडत नसे. त्या घरून नेलपॉलिश नेत, एक थर देऊन वाळवत आणि टाकानं नंबर घालत. कॉलेज सुटल्यावर प्रसन्न तिथे येऊन बसायचा, थरावर फुंकर घालायचा.

गोदाकाठच्या एका टेकाडात सापडलेला, एकशे अडतीस नंबरचा हा अकीक त्र्याण्णवच्या तपासणीत कप्प्यात नव्हता. चौकशीत साहेबांनी विचारलं होतं, किल्ली कुणाकुणाच्या हातात असे? संध्याताईंच्या स्वतःच्या आणि नंदू शिपायाच्या. "माझ्याकडून नाही गेला," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. ते पुरलं. नंदूची नोकरी गेली. तो घरी आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "बाई, तुम्ही तरी सांगा, मी नाही." त्यांनी दार लावून घेतलं होतं. पुढच्या संक्रांतीला बसस्टॅंडवर त्यानं दोन्ही हातांनी तिळगूळ पुढे केला. चोराच्या हातचा म्हणून त्यांना शिसारी आली. तो न घेता त्या बसमध्ये चढल्या. नंदूची नोकरी गेल्याचं त्यांनी नुकत्याच अमेरिकेला शिकायला गेलेल्या प्रसन्नला तेव्हाच पत्रानं कळवलं होतं. उत्तरात त्यानं पहिल्या बर्फाबद्दल लिहिलं होतं.

"प्रोफेसरांकडे कसा आला?" त्यांनी विचारलं.

"ते पण आहे ना, पुराव्यासकट." उल्हासनं कपाटातून प्रोफेसरांच्या हातचं एक छोटं कार्ड काढलं आणि वाचून मराठीत सांगितलं. "माझ्या नव्या भारतीय विद्यार्थ्याकडून, पहिल्या भेटीत. ऑगस्ट त्र्याण्णव. नाव नाही लिहिलेलं. कोण असेल बिचारा."

संध्याताईंनी जिन्याकडे पाहिलं. प्रसन्न तिथे नव्हता.

तो बाहेर गाडीत बसला होता. गाडी चालू होती, एसी लावलेला. त्या शेजारी बसल्या. पट्टा लावला नाही. गाडी टिंग टिंग करत राहिली.

"आई, बावीस वर्षांचा होतो मी," तो समोर बघत म्हणाला. "सगळी पोरं काही ना काही घेऊन निघाली होती. तूच म्हणालीस, सरांकडे रिकाम्या हातानं जाऊ नकोस. तुझ्या त्या कप्प्यात शेकडो दगड होते. कुणी बघायचं तरी का त्यांच्याकडे? तिथे त्याची कदर झाली."

संध्याताईंनी मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. अंगठी धरलेली बोटं त्यांनी पदराला पुसली. मग पुन्हा पुसली.

"आणि नंदू?" त्यांनी विचारलं.

प्रसन्ननं मान वळवली. तो खरोखरच आठवायचा प्रयत्न करत होता.

"कोण नंदू?"