नकाशातली सरळ रेघ

मशीनचा पंजा तिसऱ्यांदा खडकावर आपटला, ठिणग्या उडाल्या आणि चौकात जमलेल्या माणसांनी एका सुरात हळहळ व्यक्त केली.

खड्ड्याच्या कडेला इंजिनिअरबाई नकाशा धरून उभी होती. तिच्या पायाखाली नाला असायला हवा होता. चौतीस वर्षांपूर्वी त्याच्यावर विटांची कमान बांधली गेली, कमानीवर माती पडली आणि मातीवरून रस्ता गेला. आता रस्ता काढून नाला पुन्हा मोकळा करायचा, दोन्ही काठांना झाडं लावायची, असं बाईने डोक्यात घेतलं होतं. तेवढ्यासाठी तीन वर्षं ती ऑफिसांच्या पायऱ्या झिजवत होती.

समोरच्या दुकानाच्या ओट्यावर खुर्ची टाकून तिचे बाबा बसले होते. नाला झाकणारे इंजिनिअर तेच.

बाबांच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं डॉक्टरांना दाखवण्यातलं नव्हतं. एके काळी हा चौक त्यांना उठून नमस्कार करायचा. आज चहावाल्याने त्यांची ओळख 'बाईंचे बाबा' अशी करून दिली होती. मुलीचा फोटो छापून आलेलं वर्तमानपत्र काल त्यांनी बुटांना पॉलिश करताना खाली अंथरलं, तेव्हा मुलीच्या आईने ते खेचून घेतलं होतं. "पोटच्या पोरीवर जळता? शोभतं का या वयात?" बाबांनी बूट तेवढे बराच वेळ घासले होते.

"बाई, एक वाजेपर्यंत बघू," हातातल्या घड्याळावर बोट ठेवत पालिकेचे मोठे साहेब म्हणाले. "नाहीतर खड्डा बुजवा आणि रस्ता पूर्ववत करा. पुन्हा परवानगी मिळायची नाही, सांगून ठेवतो. हा नकाशाच चुकीचा असणार."

"नकाशा माझ्या बाबांचा आहे, साहेब. त्यात चूक नसते."

हे बाबांनी ऐकलं. शेजारी बसलेल्या आईनेही ऐकलं.

"मग नाला गेला कुठे हो?" आईने विचारलं.

"मला काय विचारतेस? मी काय खिशात घालून बसलोय?"

नाला कुठे गेला ते बाबांना नेमकं ठाऊक होतं. नाल्याचं वळण काढून तो सरळ करायला खोदताना तेव्हाही हाच खडक लागला होता. उद्घाटन तोंडावर आलं होतं, आणि नवा नकाशा मंजूर करून घ्यायचा म्हणजे दोन महिने गेले असते. बाबांनी कमान खडकाला वळसा घालून काढली आणि नकाशातली रेघ होती तशी सरळ ठेवली. काम वेळेत झालं, सत्कार झाला, लोक कौतुकाने 'ओळंबासाहेब' म्हणू लागले. हा माणूस आखेल ती रेघ गवंड्याच्या ओळंब्यासारखी सरळ. घरात मुलगीही हेच ऐकत वाढली.

आता फक्त गप्प बसायचं होतं. एक वाजला असता, खड्डा बुजला असता आणि उद्याच्या वर्तमानपत्रात फोटो आला नसता. या विचाराने बाबांना बरं वाटलं. बरं वाटल्याची लाज वाटली, तरीही बरं वाटतच राहिलं.

"म्हणजे माझीच मोजणी चुकली असणार," मुलगी मदतनिसाला म्हणाली. "टेप आणा. पहिल्यापासून मोजू."

भर उन्हात ती गुडघ्यांवर बसली आणि टेप धरून मोजायला लागली. पहिला आकडा बरोबर आला. दुसराही. तरीही तिने वहीतले दोन्ही आकडे खोडले आणि पुन्हा मोजलं. तिची मोजणी बोटभरही चुकलेली नव्हती, हे बाबांना ओट्यावरूनच दिसत होतं. बरोबर आकडे कुणी असे खोडताना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

बाबा उठले. चौक ओलांडून खड्ड्यापाशी आले.

"खोडू नकोस," ते म्हणाले. "मोजणी बरोबर आहे तुझी. नकाशा खोटा आहे."

साहेबांनी घड्याळावरून नजर उचलली.

बाबा खडकाच्या कडेने डावीकडे बारा पावलं चालत गेले आणि थांबून त्यांनी बूट आपटला. "इथे खोद. खडक फोडायला वेळ नव्हता तेव्हा. कमान वळवली आणि नकाशा तसाच ठेवला. सही माझीच आहे."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. नकाशाची घडी घातली आणि मशीनवाल्याला हाताने खूण केली.

पाऊण वाजता माती सरकली आणि लाल विटांची पाठ उघडी पडली. मजुराने पहारीने चार विटा काढल्या, तसा आतून पाण्याचा आवाज आला. चौकात टाळ्या पडल्या. बाईचे फोटो निघाले, साहेबांनी हात मिळवला. बाबा मातीच्या ढिगाशेजारी उभे होते आणि पोटातलं दुखणं जागच्या जागी होतं.

मुलगी खड्ड्यात उतरली. खडकाला बिलगून गेलेल्या कमानीवरून तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला.

"एक वीट हललेली नाही, बाबा," ती खालून म्हणाली. "एवढं सुरेख बांधलंत, आणि आम्हाला आयुष्यभर ती सरळ रेघ सांगत राहिलात?"

बाबांनी हात देऊन तिला वर घेतलं. मजुराने पहार पुन्हा उचलली. मशीनचा पंजा कमान फोडायला वर उचलला गेला.

"थांब," बाबा म्हणाले. "आधी सगळ्यांना बघू दे. मग फोड."