एकदाही न पडलेला

"जुना सर्व्हर वर्षभरात चारदा बंद पडला, नवा एकदाही नाही. आता सगळ्या वेबसाइट्स नव्यावर हलवायच्या!" सरांनी मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं. काचेपलीकडे नव्या सर्व्हरवर दसऱ्याच्या पूजेचा झेंडूचा हार अजून लोंबत होता. मशीन दोन्ही सारखीच होती. फरक होता तो एका मशीनच्या पोटात अनेक आभासी सर्व्हर नांदवणाऱ्या सॉफ्टवेअरचा.

मृदुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही सर्व्हर तीच सांभाळत होती.

"सर, नव्यावर आहे काय? एकसुद्धा वेबसाइट नाही! जुना शेकडो गिऱ्हाइकांचा भार घेऊन रात्रंदिवस राबतोय, आणि हा पूजेपासून नुसता हार घालून बसलाय. बसून राहणारा पडेल कशाला? आधी थोडा भार टाकून बघू या, हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला."

"त्यात बघायचंय काय? आज रक्तपेढीच्या वेबसाइटपासून सुरुवात कर."

रक्तपेढी! कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, हे सगळी हॉस्पिटलं तिथेच बघत होती. मृदुलाने महत्प्रयासाने आवाज खाली आणला.

"रविवारी तुमच्या लेकीचं लग्न आहे ना, सर? अमेरिकेतली मंडळी आपल्याच सर्व्हरवरून बघणार आहेत. सुरुवात त्यानेच करू?"

"छे, छे!" सर खुर्चीतून जवळजवळ उठलेच. "ते राहू दे जुन्यावरच."

"मग रक्तासाठी धावाधाव करणारे काय रस्त्यावर पडलेत?"