सोडलं की गेलं

सुनीलने लंकाबाईच्या फोनला वायर जोडली आणि दुसरं टोक कॉम्प्युटरच्या पाठीमागे खुपसलं.

"एरवी मोबाईलचं नेट कॉम्प्युटरला देत्यात, वहिनी. आज उलटं करायचंय. कॉम्प्युटरचं नेट वायरीतून मोबाईलला. लागंल थोडा येळ."

फाट्यावरच्या त्याच्या ऑनलाइन सेंटरात सुरेखा स्टुलावर बसून होती. सासूचा, लंकाबाईचा, दहावा तोंडावर आला होता आणि फ्रेम करायला धड फोटो नव्हता. चांगला असा एकच, मोहटादेवीच्या जत्रेतला, नातीला मांडीवर घेतलेला. पण फोन भरला म्हणून गेल्या साली सुनीलनेच सगळे फोटो नेटवर चढवले होते. पासवर्ड कोणाच्याच लक्षात नव्हता. फोनमध्ये उरला होता नुसता धूसर ठसा. सिम रिचार्जवाचून बंद, आणि हंड्यात पडल्यापासून फोन वायफायही धरत नव्हता. राहिली ही वायर.

फ्रेम हे निमित्त होतं. सुरेखाला ते तोंड एकदा नीट बघायचं होतं.

कारण निघताना तीच तसं बोलून गेली होती. ऊसतोडीला जायचा ट्रॅक्टर दारात उभा होता, संसार वर चढला होता, आणि लंकाबाईने नातीचं, संस्कृतीचं, मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. पोरगी शाळेत जाईल, फडात येणार नाही. लेकीला मागे ठेवायचं म्हणून सुरेखाचा जीव तुटत होता. सगळ्या टोळीदेखत तिच्या तोंडून निघालं, "ठिवा मग तुमच्यापाशीच. मी पुन्यांदा तुमचं तोंड बघनार न्हाई."

जिभेला हाड नसतं म्हणतात, ते उगाच नाही. तिथून अबोला सुरू झाला. या घरात अबोल्याचीसुद्धा पहिल्यापासून रीत होती. एकमेकींशी बोलायचं नाही, बोलायचं ते पोरीला. "संस्कृती, तुझ्या आईला सांग, भाकर वाढ म्हनावं." मग ती आई चुलीपुढे समोरच का बसलेली असेना. आणि जिला सांगितलं तिने उत्तर द्यायचं नाही. मुकाट ऐकायचं.

कोपरगावच्या फडातून सुरेखाचा नवरा वैजनाथ शेजारच्या राहीबाईच्या फोनवर आईशी बोलायचा. लंकाबाईच्या सिमला घरात रेंज नव्हतीच, त्यामुळे तिचा रिचार्ज संपल्याचं कोणाच्या ध्यानातही आलं नाही. सुरेखा पोरीशी बोलायची आणि फोन परत द्यायची. म्हातारी एकदा तरी "सुरेखाला दे" म्हणेल असं तिला वाटायचं. म्हातारी म्हणाली नाही. तिकडे राहीबाई कान टवकारून बसलेली, तिच्यासमोर कोणती सासू आधी नमतं घेईल?

मग एका सकाळी निरोप आला. म्हातारी झोपेतच गेली. वैजनाथ कोणाच्या तरी मोटारसायकलवर पुढे निघाला. सुरेखा एसटीने पोचली तेव्हा सरण पेटलं होतं. बोललेलं खरं झालं.

"सासू अबोला घिऊन गेली गं," राहीबाई तिच्या गळ्यात पडून रडली.

"आलं नेट," सुनील म्हणाला.

आणि सुरेखाच्या हातातला तिचा स्वतःचा फोन वाजला. पुन्हा वाजला. वाजतच राहिला. तिने पाहिलं. सासूचे, आत्याबाईंचे मेसेज, आवाजातले, एकाखाली एक. टेबलावरच्या फोनला तर कोणी बोटही लावलं नव्हतं.

सुनीलने वाकून बघितलं. "हे त्यांच्या फोनात अडकून पडलेले, वहिनी. नेट न्हवतं ना. आत्ता सुटले."

संस्कृतीने आजीला शिकवलं होतं, माईक दाबायचा, बोलायचं, सोडलं की गेलं. म्हातारीने तेवढंच ध्यानात ठेवलं. गेलं की नाही हे सांगणारी खूण तिला कुठून कळणार?

सुरेखाने पहिला मेसेज लावला.

"संस्कृती, तुझ्या आईला सांग, चितरी शेळी व्याली. दोन करडं हायेत."

मागे शाळेची प्रार्थना ऐकू येत होती. म्हणजे संस्कृती शाळेत होती. रिकाम्या घरात म्हातारी पोरीला सांगत होती.

"संस्कृती, सांग तुझ्या आईला, संस्कृतीला आता सगळा धडा वाचाया येतो. लई हुशार हाय, आईवर गेली."

"संस्कृती, तुझ्या आईला सांग, तिकडं थंडी आसंल. पाचटावर तशीच निजू नको म्हनावं. गोधडी दुहेरी घे."

सुरेखाने पदर तोंडात कोंबला. ती एकेक ऐकत गेली. शेवटच्या मेसेजात आधी बराच वेळ काहीच नव्हतं, नुसता म्हातारीचा श्वास.

"सुरेखा."

पोरीचं नाव नाही. थेट तिचंच.

"सुरेखा, मीच बोलते गं आधी. पोर हिसकून घेतली म्या, तुजा जीव तुटला आसंल. तू उत्तर दिऊ नको. रोज ऐकतीस, तेवढं बास हाय मला."

सुनीलने डोळे पुसून स्क्रीनकडे बघितलं. धूसर ठसा हळूहळू उघडला होता. लंकाबाई नातीला मांडीवर घेऊन हसत होती, समोरचे दोन दात पडलेले.

"फोटो आला, वहिनी. काढू वायर?"

"नगं," सुरेखा म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."

तिने आपल्या फोनवरचा माईक दाबला.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ऐकलं."

तिने बोट सोडलं. टेबलावर, वायरीला जोडलेला लंकाबाईचा फोन वाजला.